आज काय आणलंत?

"हलू नका हं, मास्तर," मापवाला म्हणाला आणि त्याने कागदावर ठेवलेल्या पावलाभोवती टाचेपासून पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. तळव्याच्या खोलगट भागाशी पेन्सिल आत वळली, तसे निवृत्त मास्तर खुदकन हसले.

"अहो, गुदगुल्या होतात!"

"होऊ देत. ज्याला होतात त्याचं नशीब थोर."

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, धुलाईघराशेजारच्या खोलीत तो एकवीस वर्षं बूट बनवत होता. साखरेच्या आजाराने ज्यांच्या पायातली जाणीव गेली किंवा जाण्याची भीती होती, त्यांच्यासाठी. ज्यांना गुदगुल्या होत नसत, त्यांना तो एकच गोष्ट दहादा बजावायचा, "घालण्याआधी आत हात घालून बघायचं. खिळा रुतला तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही."

तीन वर्षांपूर्वी त्याला स्वतःलाच साखर निघाली. गोड म्हणजे त्याचा जीव की प्राण. चहात चार चमचे, आणि हातोडी चालवताना गालात सतत गोळी. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पाहिला आणि म्हणाल्या, "काका, आता स्वतःचंच माप काढून ठेवा." ते त्याच्या वर्मी लागलं.

त्या संध्याकाळी बायको दारातच उभी होती.

"खिसे उलटे करा."

"अगं, मी काय चोर आहे?"

"चोर परवडला. तो निदान घाबरतो तरी."

दोन गोळ्या निघाल्या. तिने हात पुढे केला, त्याने मुकाट्याने दिल्या.

पहिले महिने वाईट गेले. तो ताटावरून उठून जाई, भांड्यांवर राग काढी. एकदा तर साखरेचा रिकामा डबा बोटाने पुसताना सापडला. बायकोने डबा काढून घेतला आणि त्या दिवसापासून स्वतःचा चहाही बिनसाखरेचा केला. हळूहळू जीभ वळणावर आली.

पण नव्या बुटात चार पावलं नीट पडली की लोकांना भरून येई. कोणी बिस्किटांचा पुडा आणी, कोणी चॉकलेटं. नको म्हटलं की त्यांचे चेहरे पडत. मग त्याने नियमच केला. मिळेल ते घ्यायचं, वेष्टणाचा कोपराही न फाडता घरी न्यायचं आणि बायकोच्या हातावर ठेवायचं.

"आज काय आणलंत?" ती दार उघडताच विचारी. शाळकरी पोराने प्रगतिपुस्तक दाखवावं, तशा ऐटीत तो खिसे रिकामे करी.

"आमच्या घरात फौजदार आहे," तो पेशंटना सांगे.

"आणि फौजदाराकडचा माल जातो कुठे?" मास्तरांनी एकदा विचारलं होतं. सगळे हसले. तोही हसला. शेजाऱ्यापाजाऱ्यांना देत असेल, एवढंच त्याच्या मनात आलं आणि त्याने पुढचा पाय कागदावर घेतला.

त्याची साखर उतरली. डॉक्टरीणबाई इतरांना त्याचं उदाहरण देऊ लागल्या.

एका सुट्टीच्या सकाळी तो पेपर वाचत बसला होता. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. एक पाऊल, मग टक्. एक पाऊल, मग टक्. चालीचा आवाज त्याला न बघता कळायचा.

"तुझ्या चपलेला काय लागलंय?"

"कुठे काय?"

"दाखव बघू."

त्याने खाली बसून चप्पल ओढली. चपलेबरोबर पाऊलही ओढलं गेलं. त्याच्याच कामाचा बारका खिळा होता. पँटच्या दुमडीतून घरात आला असावा. चपलेतून आरपार जाऊन तो तळव्यात घुसला होता. भोवती काळपट झालं होतं आणि वास येत होता. त्या वासाची त्याला एकवीस वर्षांची ओळख होती.

"दुखत नाही?"

"छे, काहीच नाही," ती म्हणाली. जणू ही आनंदाची बातमी होती.

त्याने विचारलं, "मी आणायचो ते कुठे जायचं गं?"

ती जागची हलली नाही. तिने नुसतं वरच्या फडताळाकडे पाहिलं. त्याने ते उघडलं. आत वेष्टणं होती. शेकडो. हाताने सपाट करून, घडी घालून, दोऱ्याने बांधलेले गठ्ठेच्या गठ्ठे.

"टाकवत नव्हतं हो. अन्न ते. आधी एखादंच खायचे. मग दुपारपासून तुमची वाट बघायला लागले."

"तू? तू तर मला..."

"तुमची सुटली," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच टोचलं. "सुटली ती गेली कुठे, असं कधी वाटलं नाही तुम्हाला?"

एकवीस वर्षं त्याने परक्यांची पावलं मांडीवर घेतली होती. हिचं पाऊल शेवटचं कधी पाहिलं, ते त्याला आठवेना.

डावं पाऊल पुढून अर्धं कापावं लागलं.

जखम भरल्यावर ती तळमजल्यावरच्या खोलीत, पेशंटच्या स्टुलावर येऊन बसली. सकाळीच मास्तर नवे बूट घालून चालून दाखवून गेले होते. जाताना ठेवलेला चॉकलेटचा डबा टेबलावर होता. तिने तो पाहिला आणि मान वळवली. त्याने डबा उचलून कातड्याच्या कपच्यांच्या टोपलीत टाकला.

त्याने कागद अंथरला. डाव्या पावलाभोवती पेन्सिल टाचेपासून निघाली आणि मध्यावरूनच परत फिरली. पुढची कोरी जागा त्याने काही वेळ तशीच पाहिली, मग तिथे लिहिलं, 'मऊ भरण'.

"आता उजवा."

तिने उजवा पाय ठेवला. पेन्सिल कुठे वळते आणि तिथे तो काय ऐकत असतो, हे तिला ठाऊक होतं. जेवताना त्यानेच कितीदा सांगितलं होतं.

पेन्सिल टाचेवरून निघाली. खोलगट भाग अजून दोन बोटं लांब होता, तोच ती खुदकन हसली.

"गुदगुल्या होतात," ती म्हणाली.

"होऊ देत," तो म्हणाला आणि मान वर न करता पुढची रेघ काढत राहिला.