पोराची डबी कोन्ती?

अरे ऐका तं! चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. वाशीमले कातडीचा एक खाजगी दवाखाना होता आन तिथं देवमन कंपाउंडर. अकरा वर्सं झालती त्याले. फरशीच्या तुकड्यावर पात्यानं मलम घोटावं तं देवमननंच, एक कन हाताले लागन तं शपथ! खरूज-गजकर्नाचे लोक मेडशीपासून, जऊळक्यापासून येत, घरची रिकामी डबी संगं आनत, कोनाची तंबाखूची, कोनाची पावडरची. देवमन तिच्यातच मलम भरून देये.

मंग आली हेमला. इंझोरीची पोरगी, अकोल्याले नर्सचं शिकलेली. ते डब्या आधी उकळत्या पान्यात टाके, पुसे, आन मलम भरलं का झाकनावर चिठ्ठी चिकटवे: नाव, गाव, कितीक बार लावाचं. झालं! बाया आल्या का इचारत, "हेमलाताई कुठी हाय?" अन् हा समोरच उभा! डॉक्टरसाहेब तं म्हनले, "देवमन, जरा शीक तिच्यापासून." अकरा वर्सं घोटलं त्याचं काहीच नाई? तवापासून देवमन तिच्यावर जळे.

तेवढ्यात खबर आली, बुधवारी सरकारी इन्स्पेक्टर तपासनीले येऊन राह्यले. डॉक्टरसाहेबानं बजावलं, बिनचिठ्ठीची डबी दिसली का नोटीस. देवमनले आयतंच सापडलं! बुधवारी हेमला चिमटे उकळाले मांगं गेली, आन यानं फटाफट साऱ्या चिठ्ठ्या उपटून खिशात कोंबल्या. आता पाहू बाईचा तोरा!

इन्स्पेक्टर आले, कपाट उघडलं. "या डब्यांवर नावं का नाहीत?"

हेमलाचं तोंड पांढरं फट. "सकाळीच लावली होती जी साहेब, माह्या हातानं!"

देवमनले कसं गार गार वाटलं!

पन बाहेरच्या लोकायची यष्टी सुटाले आलती. सारे आत घुसले आन आपापली डबी वळखून उचलाले लागले, कोनाची चेपलेली, कोनाची गंजलेली. शेवटी उरल्या दोन, दोन्ही लाल, तंबाखूच्या, सारख्याच. एक मेडशीच्या सोजरबाईची, तिचं आठ महिन्याचं लेकरू खरजेनं भरलेलं. दुसरी जगदेव हमालाची.

"दोन्हीत पिवळंच तं हाय, काय फरक पडते?" झाकनं वर करून पाहत सोजरबाई म्हनली, आन एक उचलून झाकन लावत निघाली.

देवमनची नजर डबीत गेली. अरे बापरे! लेकराचं त्यानं गंधक कमी घालून फिक्कं घोटलं होतं. हे तं जगदेवचं! कवळी कातडी सोलून निघन. बोललं तं आपन पकडल्या जातो, नाई बोललं तं लेकरू... सोजरबाई पायरी उतरली.

"बाई, थांब! ते नोको नेऊ!"

इन्स्पेक्टर वळले. "तुम्हाला कसं कळलं?"

"मीच घोटलं जी. लेकराचं फिक्कं हाय."

साऱ्यायनं पाह्यलं, कोनालेच फरक दिसे ना. इन्स्पेक्टर म्हनले, "नुसत्या तुमच्या सांगण्यावर लेकराला लावायचं?"

मंग काय करते? खिशात हात घातला, मूठभर चिठ्ठ्या टेबलावर टाकल्या. उपटताना एक कोपरा उरलेल्या लाल डबीच्या झाकनालेच चिकटून राह्यला होता. सोजरबाईच्या नावाची फाटकी चिठ्ठी त्यानं तिथं लावली. बरोब्बर बसली.

इन्स्पेक्टरनं शेरा लिहिला. डॉक्टरसाहेब म्हनले, "उद्यापासून तू फक्त मलम घोटायचं. डब्यांना हात लावायचा नाही."

लोकं गेल्यावर हेमला जवळ आली. आता शिव्या देते म्हनून देवमन मान खाली घालून तयारच होता. ते म्हने, "देवमनभाऊ, त्या दोन मलमातला फरक मले अजूनई नाई दिसला. शिकवसान मले?"

शिवी दिली असती तं बरं झालं असतं! येवढं एकच त्याचं उरलं होतं, तेही इले पायजे!

"सकाळी लौकर येजो," तो तिच्याकडं न पाहता म्हनला, आन पुसलेलीच फरशी पुन्हा घासाले लागला.