न आलेल्यांची कमान

"नावं मोठ्यानं घ्यायची, उमा. एक बी गाळायचं न्हाय. गाळलेलं माणूस उपाशी ऱ्हातंय."

लग्नानंतरच्या पहिल्या जत्रेत सासूबाईंनी मला हे सांगितलं, तेव्हा माझ्या हातात पितळेचं पातेलं होतं आणि समोर महादेवाच्या देवळापुढं हुग्गीची, म्हणजे गव्हाच्या खिरीची, कढई शिजत होती. आमच्या गावात जत्रेचा प्रसाद माणसागणिक मिळतो. वाढणारा विचारतो, "घरात कोण कोण?" आणि घरची बाई नावं घेते. त्यात भूकंपात गेलेल्यांचीही नावं असतात. तेवढ्या पळ्या जास्तीच्या पडतात. वाढणाऱ्याच्या घरचीही तशीच नावं असतात, त्यामुळं कुणी कुणाला अडवत नाही.

मी या गावात आले ती भूकंपानंतर, नव्या गावात, पत्र्याच्या घरात. जुनं गाव मी कधी पाहिलं नाही. माकणीकडं जाणाऱ्या रस्त्याच्या पलीकडं महादेवाचं देऊळ तेवढं भूकंपातून वाचून उभं होतं. त्याच्या मागं बाभळी, दगड आणि गवत. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय मी पाणी घेत नाही आणि दिवेलागणीला त्या देवळात दिवा लावल्याशिवाय जेवत नाही. पण देवळाच्या मागं मात्र मी कधी गेले नव्हते. तिकडं सासूबाईंचं जुनं घर होतं. त्यांचं नाव शांतम्मा, पण आम्ही सगळे त्यांना अव्वा म्हणतो, कानडीत आई. भूकंप झाला त्या पहाटे अव्वा माझ्या मालकांना, मल्लिनाथांना घेऊन माहेरी गणपतीला गेलेल्या होत्या. घरात सासरे सिद्रामप्पा होते आणि सहा वर्षांची शिवकन्या, माझी नणंद. तिचा एक फोटोसुद्धा नाही. मला ती फक्त नावानं ठाऊक. दरवर्षी मी तिचं नाव घेते आणि एक पळी हुग्गी घरी आणते.

यंदा जत्रेच्या आधी सरपंच आण्णासाहेब घरोघर सांगत फिरले, "स्पॉन्सर मिळालाय! पुण्याची कंपनी हाय. मांडव त्यांचा, पाणी त्यांचं, कुस्तीच्या फडाला गदा त्यांची. आपण फकस्त त्यांची कमान उभी करू द्यायची."

कंपनीचं नाव 'ओळख'. तिच्याकडून हर्षाली नावाची मुलगी आली, तुळजापूरकडची, बोलायला गोड. तिनं सांगितलं की कमानीला कॅमेरा आहे, आवाज आहे. जो आत येईल त्याला कमान नावानं बोलावेल. "काकू, तुमच्या घरचे कोण कोण जत्रेला येतात, त्यांची नावं या फोनमध्ये सांगा. फोटो असला तर द्या, नसला तरी चालेल. लहान मुलांचं वय तेवढं सांगा, त्यांना कंपनीकडून दप्तर आहे."

घरात कोण कोण, असं विचारल्यावर माझ्या तोंडून दुसरं काय निघणार? मी सवयीनं सगळी नावं घेतली. मल्लिनाथ, शांतम्मा, उमादेवी, सिद्रामप्पा, शिवकन्या.

"शिवकन्याचं वय?"

"सहा," अव्वा आतून म्हणाल्या.

"आणि हे सगळे येणार ना नक्की?"

"येनार की. दर वर्साला येतात," अव्वा म्हणाल्या.

ती पोरगी एका दिवसात सारा गाव फिरली. सगळ्या घरांनी तशीच नावं सांगितली. खोटं कुणीच बोललं नाही.

जत्रेदिवशी कमानीनं धमाल उडवली. "नमस्कार माननीय आण्णासाहेब, आपलं स्वागत आहे," असं ती म्हणाली, तेव्हा आण्णासाहेब तीनदा आत-बाहेर करून आले. शेजारच्या सारजाबाई तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "घरात कुणी माननीय म्हनत न्हाय, म्हून कमानीला म्हनायला लावतंय बघा." मला कमान 'उमादेवी' म्हणाली. माझं पूर्ण नाव इतक्या आदरानं कुणी घेतलं नव्हतं. बरं वाटलं, आणि कसंसंही वाटलं.

संध्याकाळी मुलांना दप्तरं वाटली. एक आमच्या घरीही आलं, गुलाबी, वर कंपनीचं चित्र आणि खाली छापलेलं नाव, शिवकन्या. मल्लिनाथ ते परत द्यायला निघाले. अव्वांनी हातातून काढून घेतलं. "ऱ्हाऊ द्या. पहिल्यांदाच कुणी काय दिलंय तिला."

करार श्रावण संपेपर्यंतचा होता, म्हणून जत्रा उठली तरी कमान तिथंच राहिली, एका बाजूला नव्या गावाचा रस्ता आणि दुसऱ्या बाजूला देऊळ व त्यामागचं जुनं गाव. दोन्ही बाजूंना एकेक छोटा दिवा होता. माणूस ओळखलं की त्या बाजूचा दिवा हिरवा व्हायचा.

जत्रेनंतरच्या पहिल्याच सोमवारी मी वात लावत होते. देवळात दुसरं कुणी नव्हतं. मागून आवाज आला.

"नमस्कार सिद्रामप्पा. आपण अजून आला नाहीत. गाव आपली वाट पाहत आहे."

माझ्या हातातली काडी विझली. मी 'ओम नमः शिवाय' म्हणत तशीच बसून राहिले. मग दुसरं नाव आलं, मग तिसरं. सगळी भूकंपात गेलेल्यांची. आवाज गोड होता, लग्नाचं आमंत्रण द्यावं तसा. सगळ्यात शेवटी तो जरा बदलला, लहान पोराशी बोलावं तसा झाला.

"शिवकन्या, आईला घेऊन ये हं."

घरी येऊन मी हर्षालीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, मला माफ करा. मला कुणी सांगितलंच नाही. यादीतले जे जत्रेला आले नाहीत, त्यांना कमान संध्याकाळी बोलावणं करते. तशी सोयच आहे तिच्यात. मी आजच बंद करायला सांगते."

"आणि ते आईला घेऊन ये?"

"तो कंपनीचा नियम आहे, काकू. लहान मुलांना एकटं बोलवायचं नाही. पालकाबरोबरच."

दुसऱ्या दिवशी देवळाच्या पायरीवर माणसं जमली. बंद करावं असं आण्णासाहेबांचं मत होतं. पण सारजाबाई उभ्या राहिल्या. त्यांचे दोन दीर आणि जाऊ भूकंपात गेलेली. "कशाला बंद करायचं? इतक्या वर्सांत त्यास्नी कुणी बोलवलं का? आपन नवी घरं बांधली, वास्तुशांती केली, सोयऱ्याधायऱ्यांना जेवाय घातलं. घरच्यांना या म्हनलं का कुणी?"

 आण्णासाहेबांनी टोपी काढली, परत घातली. कमान चालू राहिली.

वैशाखातल्या एका संध्याकाळी मी दिवा लावून उठले, तेव्हा वारा पडला होता, पानही हलत नव्हतं. कमानीचा जुन्या गावाकडचा दिवा हिरवा झाला.

"या, सिद्रामप्पा. आपलं स्वागत आहे."

मी त्या बाजूला पाहिलं. पायवाट मोकळी होती. नुसती माती, आणि तिच्यावर माझीच सावली. पण मी पदर डोक्यावर ओढून घेतला आणि बाजूला झाले, सासऱ्यांना वाट द्यावी तशी. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. अंग आपोआप सरलं.

त्या दिवसापासून कमानीनं सिद्रामप्पांचं नाव घेऊन वाट पाहिली नाही.

मी अव्वांना सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या. हात थांबला नाही. "आला व्हय? एकटाच आला? पोरीला मागं ठिवून?" मग फोल फुंकून म्हणाल्या, "जिता हुता तवा बी आसाच हुता. बाजारला जायचा आन् मलाच इसरून यायचा."

त्यानंतर एकेक नाव येऊ लागलं. सारजाबाईंचे दीर आले. जाऊ आली. कधी दोन एकाच संध्याकाळी, कधी कितीतरी दिवस कुणीच नाही. ज्याच्या घरचं नाव आलं, त्या घरात दुसऱ्या दिवशी पुरणाचा नैवेद्य व्हायचा, आणि त्या घरची माणसं जरा हळू बोलायची, पाहुणा झोपलाय म्हणून बोलावं तशी. मी एकदा हर्षालीला विचारलं, की कमान चुकते का. तिनं पुण्यात कुणाला तरी विचारून परत फोन केला. "कुत्रं, गुरं, वारा, यानं ती फसत नाही म्हणतात. समोर कुणीतरी..." मग घाईनं म्हणाली, "काकू, तुम्ही संध्याकाळी तिथं एकट्या जाऊ नका."

"माझा नेम आहे, बाळ," मी म्हणाले.

आषाढ लागेपर्यंत सगळी आली. राहिली एकच.

"शिवकन्या, आईला घेऊन ये हं."

अव्वा रोज मल्लिनाथांच्या गाडीवर बसून येऊ लागल्या. कमानीखाली दगडावर बसायच्या. नाव आलं की जुन्या गावाकडं तोंड करून कानडीत म्हणायच्या, "बा, बा." बा म्हणजे ये. दिवा हिरवा होत नसे. एकदा त्या उठून देवळाच्या मागं निघाल्या. पावसानं दगड निसरडे झाले होते. मल्लिनाथ धावेपर्यंत त्या पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरला नेलं, रॉड घातला, पण अव्वा पुन्हा चालल्या नाहीत.

खाटेवर पडल्या पडल्या त्या रोज एकच विचारायच्या, "आली का?" मी दिवा लावून आले की दारातच मला नाही म्हणून सांगावं लागायचं.  अव्वांनी जेवण सोडलं नव्हतं, पण घास तोंडात घोळत राहायचा. दप्तर खुंटीवरून काढून त्यांनी उशाशी घेतलं होतं. मला मूल झालं नाही, त्यामुळं ते दप्तर खाटेवर बघायला मला जड जायचं. 

श्रावणातल्या शेवटच्या आठवड्यात हर्षालीचा फोन आला. "काकू, करार संपतोय. कंपनीनं कर्नाटकातल्या एका उरुसाशी नवा करार केलाय. उद्या सकाळी माणसं कमान सोडवायला येतील. मी खूप म्हणून पाहिलं, पण त्यांच्या लेखी ही जाहिरात आहे. जाहिरात संपली की संपली."

मी फोन ठेवला. अव्वांनी ऐकलं होतं.

"उद्या सकाळी?"

"हो, अव्वा."

"म्हंजी आजची सांज." त्यांनी डोळे मिटले. मग माझा हात धरला. हात कोरडा होता, उन्हात वाळलेल्या पानासारखा. "सगळे आपापले आले, उमा. मोठी मानसं ती. पोर कशी येईल एकटी? तिला आत ऱ्हायलेलंच बरं वाटत आसंल. कुणीतरी आत जाऊन हात धरून आनाय पायजे."

"मी मल्लिनाथांना सांगते."

"मल्लूला न्हाय. त्यो भाऊ हाय. तिला आईला घेऊन ये म्हनलंय." त्या माझ्याकडं बघत राहिल्या. "तू जाशील?"

मला भीती वाटली, हे मी लपवत नाही. मी रोज पंचाक्षरी म्हणणारी बाई, पण भीती वाटली. तिथं कुणी नसेल तर, आणि कुणी असेल तर, दोन्ही सारखंच भिण्यासारखं होतं. शिवाय मी तिची कुणी नव्हते. तिनं मला पाहिलेलं नव्हतं.

"ती मला ओळखणार नाही, अव्वा."

"पेटी उघड."

पेटीत तळाशी अव्वांचं जुनं इरकल होतं, हिरवं, लाल काठाचं. भूकंपाच्या वर्षी गणपतीला माहेरी जाताना अंगावर होतं तेच. पुढं त्यांनी ते कधी नेसलं नाही आणि कधी धुवूही दिलं नाही. घडी उघडली तेव्हा हळदीचा, धुराचा आणि कुणाच्या तरी केसांच्या तेलाचा वास आला.

"हे नेस. वास वळखंल ती." मग म्हणाल्या, "तिनं तुला अव्वा म्हनलं तर म्हनू दे. न्हाय म्हनू नको."

"नाही म्हणणार," मी म्हणाले. "घेऊन येते तिला."

हे बोलल्यावर मात्र मनातला गोंधळ थांबला. शब्द दिला होता. मी अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली आणि इरकल नेसले. बाहेर ओसरीवर मल्लिनाथ बसले होते. त्यांनी मला आईच्या लुगड्यात पाहिलं आणि उभेच राहिले.

"मी गाडीवर सोडू का?"

"नको. परत येताना दोघी चालत येऊ."

 ते परत बसले नाहीत.

आभाळ भरून होतं पण पाऊस नव्हता. रस्ता ओलांडून मी देवळात गेले, रोजच्यासारखी वात घातली, दिवा लावला, नंदीला हात लावला. कमानीजवळ कंपनीच्या माणसांनी दुपारीच दोर आणि शिडी आणून ठेवली होती. मी देवळाला वळसा घातला. मागं गवत कमरेइतकं वाढलं होतं आणि त्यातून एक वाट गेली होती, कुणीतरी रोज चालत असावं तशी बसलेली. रोज येऊनही ती मला कधी दिसली नव्हती.

पाठीमागं कमान बोलली, "शिवकन्या, आईला घेऊन ये हं."

"आले गं," मी हळूच म्हणाले. पदर डोक्यावर नीट घेतला, उजवा हात जरा खाली सोडला, सहा वर्षांच्या पोरीला पुरेल इतका, आणि गवतात पाऊल टाकलं.