हंड्यांवर उतरलेलं हेलिकॉप्टर

गिअरबॉक्सच्या तेलाचा दाब शून्यावर आला तेव्हा हवाई दलाचं हेलिकॉप्टर सूर्यमाळच्या जंगलावर होतं. अशा वेळी नियम एकच, मिळेल त्या सपाट जागी ताबडतोब उतरा. उशीर केला की वरचा पंखा अडकणार आणि आतले सगळे दगडासारखे खाली.

सपाट जागाही एकच, विहिरीजवळचा माळ. त्यावर हंड्यांची रांग लागलेली. आज टँकर यायचा होता.

सार्जंट भावेश कमरेला पट्टा बांधून उघड्या दारात लटकला होता आणि पायलटला खालची जागा सांगत होता. खालचा पाडा त्याचाच. पायलट बिष्टसाहेब हिंदीत विचारत होते, या बायका सरकत का नाहीत, वेड्या आहेत का. भावेश हात हलवून थकला. खाली लुगडी उडत होती, डोळ्यांत माती जात होती, पण एकही बाई हलेना. हलेल कशी? इथे हंडा म्हणजे नंबर. हंडा सोडला की नंबर गेला, मग घोटभर पाण्यासाठी ओढ्यातला झिरा खरवडत बसा. हे भावेशला त्याच्या आईनेच, हिरीने, पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. ती रांगेत पुढेच बसलेली त्याला वरून दिसली.

साहेब म्हणाले, आता थांबता येत नाही, उतरतोय.

भावेशने धुराचा डबा घेतला, पिन ओढली आणि आपल्या आईच्या पुढ्यात फेकला.

नारिंगी धूर उसळला. बाँब पडला म्हणून बायका हंडे टाकून झाडीत पळाल्या. हंडे उडून दरीत गेले. हेलिकॉप्टर आदळत उतरलं. मेलं कुणी नाही.

दुपारपर्यंत मोखाडा, जव्हारहून जीप भरभरून लोक आले. बिष्टसाहेब माणूस सरळ. म्हणाले, मी नियम पाळला, बायका वाचवल्या त्या याने. झालं, हार भावेशच्या गळ्यात. वीर काय, वाघ काय. ज्यांनी कधी सूर्यमाळचा चढ चढला नव्हता ते त्याला आपला म्हणायला लागले.

मग टँकर आला. विहिरीच्या वाटेवरच हेलिकॉप्टर उभं. चौकशी होईपर्यंत जवळ कुणाला सोडायचं नाही असा वरून हुकूम, म्हणून भोवती दोरी. दोरीवर पहारा भावेशचा. टँकरवाला म्हणाला, मला विहिरीत ओतायला सांगितलंय, हंड्यात वाटायला नाही.

हिरी दरीतून शोधून आणलेला चेमटलेला हंडा घेऊन दोरीपाशी आली.

"दोरी उचल. टँकर कडेने जातो."

"हुकूम नाही, आये."

"डबा टाकायचा हुकूम व्हता?"

भावेशने मागे वळून बघितलं.

"तवा कुणाला इचारलं नाहीस. आता कुणाला भितोस?"

मागे बिष्टसाहेब त्याच्याकडेच बघत होते. त्यांना भाषा कळत नव्हती, पण बाई काय मागते ते कळत होतं. त्यांनी नजर हेलिकॉप्टरकडे वळवली.

दोरी उचलली असती तर त्याच्यावर चौकशी लागली असती, फार तर नोकरी गेली असती. जीव जाणार नव्हता. भावेशने दोरी घट्ट धरून ठेवली. टँकर भरलेलाच वळला आणि मोखाड्याच्या रस्त्याला लागला.