अकरा बाळांची अंघोळ

आजोबांच्या लेकीनं बाळ पुढे केलं तशी बाळंतीण नात चटका बसल्यासारखी मागे सरली.

“अगं, भूक लागलीय त्याला. किती रडवशील?”

“बाटलीनं पाज. मी नाही हात लावणार.”

बाळ तेवीस दिवसांचं होतं. अंघोळ घालताना ते नातीच्या हातातून निसटलं आणि क्षणभर टबातल्या पाण्याखाली गेलं. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाई धावत आल्या, त्यांनी छाती तपासली आणि काही झालेलं नाही, दूध पाजा, असं सांगून त्या गेल्यासुद्धा. नातीचा कुर्ता अजून ओलाच होता.

बाटली उकळायला जाताना लेकीनं बाळ आजोबांच्या मांडीवर ठेवलं. त्यांची सगळी नोकरी ग्रंथालयात गेलेली. शिवण सुटलेलं जुनं पुस्तक धरावं तसं त्यांनी ते धरलं.

“आजी असती तर हे झालंच नसतं,” नात भिंतीकडे बघत म्हणाली. “अकरा बाळं न्हाऊ घातली तिनं. एकाला साधा ओरखडा नाही. मला एक सांभाळता येईना. मी आई व्हायलाच नको होतं.”

हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की आजोबांनी चमकून तिच्याकडे बघितलं.

दीड महिन्यापूर्वी आजीच्या आठवणी सांगायला माणसं जमली, तेव्हा जो तो तिच्या हातांबद्दलच बोलला. सुना, शेजारणी, सगळ्या. आजोबा तेवढे गप्प होते. दुःखानं कंठ दाटला असेल, असं लोकांना वाटलं.

‘कुणाला सांगाल तर माझं मेलेलं तोंड बघाल,’ असं तिनं बजावलं होतं. त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. आणि तरी ते तोंड बघून झालं होतं.

“एक पडलं होतं,” ते म्हणाले. आवाज स्वतःलाच परका वाटला.

“काय?”

“पहिलंच. तिचे साबणाचे हात होते. मोरीच्या कठड्यावर आपटलं.”

लेक स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबली होती. आजोबांनी तिच्याकडे बघायचं टाळलं, मग बघितलं. तिची बोटं डाव्या भुवईवरच्या खुणेवर गेली होती.

“ही चौकट लागून झालीय,” ती म्हणाली. “आई मला त्या चौकटीला फटके मारायला लावायची!”

“चौकट नव्हती, बाळ.”

आपण आजीला दुसऱ्यांदा मारलं की काय, असं आजोबांना वाटलं. पण आता थांबता येत नव्हतं.

“त्यानंतर प्रत्येक बाळाच्या वेळी ती आधी ओकून यायची. चूळ भरायची, पदर खोचायची आणि मग पाण्यात हात घालायची. मला दाराशी उभं करायची. लोक म्हणायचे, बायकोचं कौतुक बघत उभा राहतो. अकराव्या बाळापर्यंत तेच.” ते नातीकडे वळले. “ते अकरावं बाळ तू, पोरी.”

लेक तिथेच उंबऱ्यावर बसली.

“खूप रडले का मी, बाबा?”

“तू दूध पिऊन झोपलीस,” आजोबा म्हणाले. “ती नाही झोपली.”

बाळानं पुन्हा टाहो फोडला. आजोबांनी त्याला खांद्यावर घ्यायला उचललं.

“मान धरा ना आजोबा त्याची, लटकतेय,” नात ओरडली, आणि तिनं स्वतःच मानेखाली हात घातला.