सनिय्या दाईची टाळाटाळ

"सनिय्या दाईंना सांगा, कोम गावाहून विदाद आलीय. पोरीला घेऊन."

दारातल्या बाईसोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. शोकाला आलेल्या बायका नुकत्याच उठून गेल्या होत्या. नजाह कॉफीचे कप विसळत होती.

"आई परवा गेली," ती म्हणाली.

विदाद मटकन उंबऱ्यावर बसली. "अल्ला दया करो त्यांच्यावर." मग हळूच पुटपुटली, "आता हिची सुंता कोण करणार?"

नजाहचे हात थांबले. "आई अजून करायची?"

"करायच्या कसल्या! चार वर्षं हेलपाटे घालायला लावले मला. दर खेपेला पोरीची पापणी ओढून बघायच्या नि म्हणायच्या, रक्त पातळ आहे, वर्षभर काकवी चार, मग आण. काकवीनं दात किडले पोरीचे, पण रक्त काही घट्ट होईना! माझ्या नणंदेच्या तिघी पोरींची तर अशीच, सुंतेविना लग्नं होऊन गेली."

मुलगी हसली. दात खरंच किडले होते.

नजाहची सुंता आईनंच केली होती, बत्तीस वर्षांपूर्वी, याच खोलीत. शिक्षिका होऊन ती असयूत शहरात गेली, ती ईदपुरतीच परतायची. दोन दिवस राहायची, तेही पाहुणीसारखी. आईनं ते काम सोडलं का, हे तिनं कधी विचारलं नाही. आईनंही सांगितलं नाही. गेल्या ईदला आई चहा पुढे ठेवून बराच वेळ नुसती बसून राहिली होती. नजाह वह्या तपासत होती.

"दवाखान्यातला डॉक्टर करतो म्हणे, मागल्या दारानं," विदाद उठली. "सासूनं डोकं खाल्लंय."

काकवीचं निमित्त नजाहच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"विदाद, ऐक. माझी झालीय. अकरा दिवस लघवीला बसवत नव्हतं. पुढे लग्न झालं, तर नवऱ्याची चाहूल लागली तरी अंग आवळायचं. तो चांगला होता गं. कंटाळून गेला. हिला नेऊ नकोस."

विदादनं ओढणी तोंडाशी धरली. "माझंही तसंच, ताई," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पण सासूला काय सांगू?"

"सांग, दाईची मुलगी नको म्हणाली. शिव्या मला घालू देत."

"घालेलच. तोंड आहे का काय ते!"

कालव्याशी वाट फुटत होती. डावीकडे दवाखाना, उजवीकडे कोम. नजाह दारातून बघत राहिली. फाट्यावर विदाद जरा घुटमळली. मग दोघी उजवीकडे वळल्या.

"आई, गेल्या बघ घरी," म्हणत नजाह आत वळली.

खोलीत बायकांसाठी अंथरलेल्या चटया तशाच पडल्या होत्या.