नार्नूरच्या वाटेवरचं धुकं

सरकारी दवाखान्याची जीप महिपत चालवायचा. लशीची पेटी घेऊन गावोगाव जाणाऱ्या नर्स बयनाबाई त्याच्या शेजारी बसायच्या. निघायच्या आदल्या दिवशी तो टायर बघायचा, ब्रेक दाबून बघायचा आणि वाट मनात घोळवायचा. सत्त्याऐंशीच्या त्या हिवाळ्यात नार्नूरकडं जायचं ठरलं, तेव्हा तो म्हणाला, "बाई, जंगलातून ऊन पडल्यावर जाऊ. सकाळी लई धुकं राह्यते."

"तवापर्यंत बाया कापूस वेचाले निघून जातीन, भाऊ. मंग सुया कोनाले देऊ?"

महिपतनं ऐकलं. पहाटेच निघाले.

सागाचं जंगल लागलं आणि रस्ता विरघळून गेला. खाली-वर सगळं दुधासारखं पांढरं. जीप चालते की तरंगते, हेही त्याला उमजेना. त्यानं ती हळूच रस्त्याखाली घेतली, दिवे चालू ठेवले, मागून येणाऱ्याला कळावं म्हणून रस्त्यावर एक डहाळी टाकून आला.

"काऊन थांबवली?" बयनाबाई चिडल्या. "पेटीतला बर्फ वितळून राह्यला!"

"बोनेटबी दिसून नाई राह्यलं, बाई. आता मी नाई नेत."

सागाच्या पानांवरून थेंब टपटपत होते. मग दुरून घुंगरांचा आवाज आला, पाण्याखालून यावा तसा.

धुक्यातून बैलांची शिंगं उगवली. एक गाडी, तिच्यामागं दुसरी, तिसरी. लग्नाचं वऱ्हाड परतत होतं. गाडीवान कासरा मांडीवर टाकून झोपलेले, बाया एकमेकींच्या खांद्यावर कलंडलेल्या. बैल आपल्याच मनानं ऐन रस्त्याच्या मधून चालले होते. महिपतचा हात हॉर्नकडं गेला. एवढ्या माणसांत एकटी नवरी जागी होती. हळदीचं बोट तिनं ओठावर ठेवलं. त्यानं हात मागं घेतला. गाड्या पांढऱ्यात शिरल्या आणि घुंगरं विझत गेली.

बयनाबाईंनी पदरानं कपाळ पुसलं. "आपन चालत्या गाडीत असतो तं..."

ऊन आलं तेव्हा ते निघाले. गावात पोचले तर घरांना कड्या. बाईंनी पेटी उघडून हात घातला. बर्फ अजून होता. "चाल भाऊ, वावरात जाऊ."

कापूस असा फुटला होता की जमीन दिसेना. बांधावरच्या झाडांना झोळ्या टांगलेल्या, त्यांत लेकरं निजलेली. बाया ओटीत कापूस घेऊनच धावत आल्या. एकेक लेकरू सुई टोचली की रडायचं, आणि आईच्या ओटीतल्या मऊ कापसात तोंड खुपसून पुन्हा झोपी जायचं. महिपत पेटी उचलून या झाडाकडून त्या झाडाकडं फिरत राहिला.

दुपारी बांधावर भाकरी खाताना बयनाबाईंनी विचारलं, "पुढच्या हप्त्यात कोन्या वाटेनं जायचं? तूच सांग."

महिपतनं काडी घेतली आणि मातीत रस्ता काढायला लागला.