बर्फात आलेली बाटली

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि आयुष्यात मी कधीही खोटं बोललेलो नाही. दोन वेळा सोडून. पंचाईत अशी, की त्या दोन्ही वेळा मी दाखवलं ते खरंच होतं.

मित्रांनो, माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या कारखान्यात माझी भिंगं घासली गेली, चाकं बसवली गेली आणि लाकडी पेटीत घालून मला मीरा रोडला धाडण्यात आलं. शांती नगरात एका बाजूला फरसाणवाला आणि दुसऱ्या बाजूला जागांचा दलाल, अशा मधल्या गाळ्यात एक लॅब होती. २००१ साली मी तिथे रुजू झालो. तपासणीचं सगळं काम आत्माराम बघायचे. डॉक्टर संध्याकाळी येऊन सह्या करायचे. आत्माराम मला रोज मऊ फडक्याने पुसत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हा आपला हरिश्चंद्र. याला खोटं दाखवताच येत नाही." मला ते आवडायचं. आता आठवलं की काचेवर बुरशी धरल्यासारखं वाटतं.

रक्त, थुंकी, मलेरिया ही रोजची कामं. पण आठवड्यातून एकदोनदा खिडकीतून एक छोटी बाटली आत सरकायची. देणारा पुरुष तेव्हा हमखास भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असायचा, जणू तारीख पाहायलाच आला होता. बाटलीत वीर्याचा नमुना असे. मूल होत नसेल तर आधी बायकोच्या चार तपासण्या होत आणि सगळे उपाय थकले की मग ही बाटली येई.

त्या बाटलीतले शुक्रजंतू फार नाजूक. शरीरात ते तयार होतात ते अंगाहून दोन-तीन अंश थंड जागी. सतत इंजिनाशेजारी, भट्टीपुढे बसणाऱ्याचे कमी होतात. सिगारेट, तंबाखू, दारू त्यांना मानवत नाही. मोठा ताप येऊन गेला तर तो पुढचे दोन-तीन महिने त्यांच्यात दिसत राहतो, कारण नवी तुकडी तयार व्हायला तेवढे दिवस लागतात. आणि एकदा बाहेर आले की त्यांना अंगाची ऊब लागते, तासाभरात माझ्याखाली यावं लागतं. हे मला ठाऊक होतं. आत्मारामांनाही ठाऊक होतं. ते सांगायचे फक्त एवढंच, "तासाभरात आणा."

२००३च्या डिसेंबरात समुद्रकाठच्या उत्तन गावचा मायकेल आला. स्वतःची बोट, रुंद खांदे, मऊ आवाज. लॅबच्या बाथरूममध्ये नमुना द्यायला तो तयार नव्हता. बाहेर बाकावर सहा माणसं बसलेली. तो म्हणाला, "घरनं आणतो."

दुसऱ्या दिवशी बाटली आली. आत्मारामांनी थेंब काचेवर घेतला आणि माझ्यात डोकावले.

मित्रांनो, मी आजवर पुष्कळ काही पाहिलं आहे, पण तसं दृश्य नव्हतं पाहिलं. संख्या भरपूर. आणि एकही हलत नव्हता. सगळ्यांच्या शेपट्या ताठ, डोकी जिकडे होती तिकडे. बाजार उठल्यावर पाटीत राहिलेल्या मासळीसारखे. आत्मारामांनी माझी चाकं मागे-पुढे फिरवली. मी तेच दाखवलं. रिपोर्टवर लिहिलं गेलं : हालचाल शून्य.

"म्हंजे एक बी जिता न्हाय?" मायकेलने विचारलं.

"डॉक्टरांना विचारा," आत्माराम म्हणाले. ते कुणाला वाईट बातमी देत नसत. लिहून मात्र देत.

डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं मायकेलने केलं. सिगारेट सोडली. बोटीवर इंजिनाजवळची जागा भावाला दिली. पुतण्याच्या लग्नात, आदल्या दिवशी विहिरीवरून वाजतगाजत आणायच्या उंबराच्या पाण्याला, सगळं गाव बँडमागे नाचलं, हा सरबताचा ग्लास धरून उभा राहिला. तीन महिन्यांनी पुन्हा बाटली आली.

पुन्हा तेच. एक शेपूट हलेना.

तेव्हापासून ते न हलणारे जंतू मला सगळीकडे दिसू लागले. काचेवर रक्त असो की पाण्याचा थेंब, कडेला ते ताठ उभे असत आणि काही विचारत नसत. आत्मारामांनी भिंग तीनदा पुसलं. ते भिंगावर नव्हते.

तिसऱ्या खेपेला, जूनमध्ये, मायकेलबरोबर त्याची बायको बर्नडेट आली. आत्माराम आतल्या खोलीत होते. खिडकीवर आशा नावाची नवी मुलगी बसली होती. तिने बाटली हातात घेतली आणि दचकून खाली ठेवली.

"दादा, ही एवढी गार कशी?"

"बर्फात आणली," मायकेल म्हणाला.

"बर्फात?"

"बसला सवा तास लागतो. तुम्ही बोलले तासाभरात. मंग? आमची मासळी मार्केटापरत अशीच जाते. मी काय यडा हाय, उघडी आणायला?"

आशाचा आवाज बारीक झाला. "दादा, बर्फाने ते मरतात. शर्टाच्या आत, अंगाला लावून आणायची असते."

आत्माराम आतून दारात आले. त्यांनी मायकेलला विचारलं,

"आधीच्या वेळीसुद्धा बर्फातच आणली होती?"

"होय."

"आधीच्या टायमाला?" बर्नडेट मायकेलकडे वळली. "म्हंजे तू आधी पन आलेलास?"

मायकेल कॅलेंडरकडे बघू लागला.

"रिपोर्ट काय होता?" तिने आशाला विचारलं. आशाने रजिस्टरकडे पाहिलं, आणि बर्नडेटला तेवढं पुरलं. "सहा महिने तुला ठावं हाय. माझ्या नळ्यांचा फोटो काढला, मी टेबलावर ओरडले, तू भायेर बसलेलास. तुझी आय मला बाप्तिस्म्याला बोलवीत न्हाय. मांजराला दूध ठेवते, मला ताट वाढत न्हाय. आन तू गप?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं, मला लाज वाटंल. वाटली. तुझी."

ती रिक्षा करून थेट वसईला, माहेरी गेली.

चार दिवसांनी मायकेल एकटा आला आणि बाकावर सहा माणसं बसलेली असताना लॅबच्या बाथरूममध्ये गेला. बाटली उबदार होती. आत्माराम माझ्यात डोकावले आणि बराच वेळ डोकं वर काढेनात. मग त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. मायकेलला आत बोलावलं. "बघा."

शंभरातले साठ धावत होते. मायकेलचा डोळा माझ्यावर टेकला होता, त्याची पापणी मला लागत होती.

"जाळ्यात जिता जवळा आलाय जनू," तो म्हणाला. मग डोळा बाजूला घेऊन म्हणाला, "आता कोनाला दाखवू?"

आत्माराम म्हणाले, "बाटली गार लागली होती मला. दोन्ही वेळा. मला वाटलं, थंडीचे दिवस, एसी..." पण दुसरी बाटली तर मार्चमध्ये आली होती.

मायकेल रिपोर्ट घेऊन गेला. काचेवरचे तासभर धावले, मग कडेकडून सुकत गेले. बर्नडेट परत आली नाही, हे मला उत्तनच्याच दुसऱ्या एका पेशंटच्या बोलण्यातून कळलं.

आता मी एका ज्युनिअर कॉलेजच्या कपाटात आहे. बारावीची मुलं माझ्याखाली कांद्याची साल बघतात. मी साल दाखवतो. कडेला ते उभेच असतात. मित्रांनो, मला जपून पुसा, धुळीपासून सांभाळा. पण त्याआधी, काचेवर ठेवलेली वस्तू तुमच्यापर्यंत कशी आली हे आणणाऱ्याला विचारा. ते मला दिसत नाही.

त्या जूनमध्येच आत्मारामांनी मोठ्या अक्षरात एक सूचना लिहून लॅबमध्ये चिकटवली : 'नमुना घरून आणताना बर्फात ठेवू नये.' ती नमुना तिथेच देणाऱ्यांच्या बाथरूमच्या दाराला, आतल्या बाजूने लावली होती.